प्रत्यारोपणानंतर चट्टा जातो आणि परत येतो: तपासणी कुठून सुरू करायची आणि कुठे थांबायचं

लक्षणं

नेहमीचं गाऱ्हाणं असं असतं. जांघेत, कमरेला किंवा काखेत चट्टा उठतो. मेडिकलमधून आणलेल्या मलमानं आठवड्याभरात फिका पडतो, मलम थांबवलं की थोड्याच दिवसांत परत येतो, आणि या खेपेला आधीपेक्षा मोठा. पुण्यात पाऊस सुरू झाला की हे वाढतं आणि ऑक्टोबरच्या घामापर्यंत पिच्छा सोडत नाही. किडनी किंवा लिव्हर बसवलेल्या माणसाची प्रतिकारशक्ती औषधांनी मुद्दाम दाबून ठेवलेली असते. त्यामुळे इतरांना जे नुसतं त्रासदायक, ते त्याच्या अंगावर तळ ठोकून बसतं.

रूपं ओळखीची आहेत. गोलसर चट्टा, कड उठलेली आणि खवल्यांची, मधला भाग साफ होत आलेला: हा नायटा, म्हणजेच गजकर्ण. छाती-पाठीवर फिके किंवा तपकिरी ठिपके, नखानं खरवडलं की कोंड्यासारखी भुकटी: शिबं. पायाच्या बोटांच्या बेचक्यात पांढरी, भिजलेली, सोलणारी कातडी: चिखल्या. स्तनांखाली किंवा पोटाच्या वळीत लालभडक ओलसर पट्टा आणि भोवती सुटे सुटे लाल ठिपके: ही बहुधा कँडिडा नावाची बुरशी. पाठीवर आणि खांद्यांवर एकाच मापाच्या, खाजऱ्या, बारीक पुटकुळ्या आल्या तर घरचे म्हणतात, ‘प्रेडनिसोलोनचे (म्हणजे स्टेरॉइडच्या गोळीचे) मुरूम असतील.’ पुष्कळदा असतातही. पण त्याच जागी शिब्याची बुरशी केसांच्या मुळांत शिरूनही हुबेहूब तसंच दिसतं, आणि मुरमांवरच्या अँटिबायोटिकनं ते उलट फोफावतं.

एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की बसलेली बरी. लाली, सूज, खाज, ताप ही शरीरानं दिलेल्या लढ्याची चिन्हं. टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि स्टेरॉइड ही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणाऱ्याच्या शरीरात तो लढाच मंद असतो. म्हणून ‘त्रास काहीच नाही’ याचा अर्थ ‘आजार किरकोळ’ असा होत नाही. प्रत्यारोपण झालेल्या माणसाच्या अंगावरचा खाजरा नायटा बहुतेक वेळा आवाक्यात येतो. घात होतो तो न खाजणाऱ्या, न दुखणाऱ्या गाठीनं.

हे दिसलं तर पुढची एकही पायरी करू नका

काळी पडत जाणारी कातडी. सलाइनची सुई लावलेली जागा, चिकटपट्टीखालची जागा, ऑपरेशनची जखम, भाजलेलं किंवा खरचटलेलं, यांपैकी कुठेही मध्ये काळी खपली आणि भोवती लाल-जांभळी कड दिसली, की म्युकर ही जिवावर उठणारी बुरशी आहे असंच धरून चालायचं. 2021 च्या कोविड लाटेत महाराष्ट्रानं म्युकर नाका-डोळ्यांत पाहिला. तोच कातडीतूनही शिरतो, रक्तवाहिन्यांत घुसून त्या बंद करतो आणि पुढचा भाग मरत जातो. इथे हिशेब तासांचा असतो. कुजलेला भाग कापून काढावा लागतो, आणि नुसत्या औषधानं भागत नाही.

चेहऱ्यावर किंवा अंगावर मधोमध खळगा असलेले मोत्यासारखे फोड, किंवा अँटिबायोटिकनं न हटणारी पायाची लाल सूज, आणि सोबत डोकेदुखी, उलटी, वागण्यात गोंधळ. हा क्रिप्टोकॉकस, म्हणजे आणखी एक बुरशी, असू शकतो. कातडीवर दिसतो तेव्हा तो मेंदूच्या आवरणापर्यंत पोचलेला असण्याची शक्यता असते, म्हणून डॉक्टर रक्तातली अँटिजेन तपासणी करतात आणि पाठीतलं पाणीही काढायला सांगतात. त्याला नाही म्हणू नका.

ताप आणि अंगावर एकाएकी उठलेल्या लाल, घट्ट गाठी. तोंडात न भरणारा व्रण आणि वजनात घट. पायाच्या नखाशेजारी नखुरडं होऊन लाली वर चढत जाणं. एकटी, घट्ट, न दुखणारी गाठ, जी आठवड्यांनी मोठी होते आहे. यातलं काहीही असलं तर त्वचेच्या डॉक्टरांच्या पुढच्या बुधवारच्या ओपीडीची वाट पाहायची नाही. जिथे प्रत्यारोपण झालं तिथल्या टीमला फोन करायचा. काळी खपली, ताप किंवा डोकेदुखी असेल तर रात्रीसुद्धा कॅज्युअल्टी गाठायची. गाडी नसेल तर 108. औषधांची पिशवी आणि शेवटच्या रक्ततपासणीचा कागद सोबत. टॅक्रोलिमस किंवा मायकोफेनोलेट मात्र आपल्या मनानं बंद करायचं नाही. ते कमी करायचं का आणि किती, हा निर्णय टीमचा.

पहिली तपासणी: टॉर्च, पेन आणि मोबाइल

खर्च शून्य. अंघोळीनंतर चांगल्या उजेडात पूर्ण अंग बघा: जांघ, काख, बेंबी, कानांमागे, पायांची बेचकी, नखं. पाठ घरच्यांनी बघायची. चट्ट्याच्या कडेवर बॉलपेननं बारीक रेघ ओढा, शेजारी पट्टी किंवा एक रुपयाचं नाणं ठेवून फोटो काढा. नायटा रेघेबाहेर जायला काही दिवस घेतो. लाली एका रात्रीत रेघ ओलांडून गेली तर तो नायटा नव्हे. मग वरचा भाग पुन्हा वाचा आणि फोन उचला.

दर आठवड्याला त्याच जागी, त्याच उजेडात फोटो. डॉक्टरांना ‘वाढलंय वाटतं’ यापेक्षा तीन फोटो जास्त सांगून जातात.

दुसरी तपासणी: ट्यूबचं मागचं अंग

चट्टा परत परत येण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण बुरशी नाही, मलम आहे. ट्यूबवर ‘अँटिफंगल’ लिहिलेलं असतं, आणि बारीक अक्षरांत चार-चार औषधं. क्लोबेटासॉल, बेटामेथासोन, बेक्लोमेटासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांतलं एकही नाव असलं तर त्यात स्टेरॉइड आहे. स्टेरॉइडनं खाज दुसऱ्या दिवशी थांबते, लाली उतरते, माणूस खूश. खाली बुरशी मोकाट. चट्ट्याची गोल कड पुसली जाते आणि मग तो नायट्यासारखा दिसतच नाही. तज्ज्ञसुद्धा फसतात. जांघेत महिनोन् महिने लावलं तर कातडी पातळ होऊन कायमचे पट्टे पडतात, ते वेगळंच.

पोटात आधीच प्रेडनिसोलोन चालू असलेल्या माणसानं वरून आणखी स्टेरॉइड चोळणं म्हणजे आगीत तेल. असली ट्यूब शेजाऱ्याला गुण आला म्हणून तर मुळीच आणायची नाही. फेकायच्या आधी तिचा फोटो काढून ठेवा. किती दिवस काय लावलं हे डॉक्टरांना लागतं.

साधं, एकाच औषधाचं मलम कसं लावायचं, यातही चुका होतात. क्लोट्रिमॅझोल 1 टक्का असेल तर दिवसातून दोनदा. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ओढलेली मलमाची रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम, आणि ती दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरते. चट्ट्याच्या कडेबाहेर दोन सेंटिमीटरपर्यंत लावायचं, कारण बुरशी कडेलाच पुढे सरकत असते. मधल्या साफ दिसणाऱ्या भागातही लावायचं. चट्टा दिसेनासा झाल्यावर आणखी दोन आठवडे चालू ठेवायचं. एकूण धरा महिनाभर. बहुतेक जण दहाव्या दिवशी ट्यूब कपाटात टाकतात, आणि ‘परत आला’ म्हणतात तो मुळात गेलेलाच नसतो. शिब्याला मलमापेक्षा किटोकोनॅझोल 2 टक्के शाम्पू सोयीचा: ओल्या अंगावर लावून पाच मिनिटं ठेवायचा आणि धुवायचा.

एक अपवाद लक्षात ठेवा. कातडीवर लावलेलं क्लोट्रिमॅझोल रक्तात जवळजवळ जात नाही. पण तोंडातल्या बुरशीसाठी मिळणारं क्लोट्रिमॅझोलचं माउथ पेंट, चघळायच्या गोळ्या किंवा मायकोनॅझोलची जेल पोटात जाते आणि टॅक्रोलिमसची लेव्हल, म्हणजे रक्तातलं प्रमाण, वाढवू शकते. ‘नुसतं तोंडात लावायचं तर आहे’ म्हणून टीमला न सांगता सुरू करू नका.

तिसरी: ओल, करदोटा आणि घरातली माणसं

बुरशीला ऊब आणि ओल लागते. पावसाळ्यात दुचाकीवर रेनकोटच्या पँटीत तासभर सिंहगड रोडच्या गर्दीत बसलेल्या माणसाच्या जांघेत दोन्ही भरपूर. ऑफिसात पोचल्यावर सुकी अंतर्वस्त्रं आणि मोजे बदलायचे. ढिले, सुती. बुटांचे दोन जोड ठेवून आलटून पालटून वापरायचे, कारण भिजलेला बूट एका रात्रीत वाळत नाही. पायाची बेचकी टॉवेलच्या कोपऱ्यानं एकेक करून पुसायची.

करदोटा काढा. मनगटावरचे जुने गंडेदोरेही. कमरेचा दोरा दिवसभर घामानं ओला असतो, त्यात खवले अडकतात, आणि नायट्याचा पट्टा बरोबर त्याच रेषेत उठतो. श्रद्धेचा प्रश्न असेल तर चट्टा पूर्ण बरा झाल्यावर नवा बांधा. जुना धुऊन परत नको.

नायट्याची बुरशी गळून पडलेल्या कातडीच्या कणांत महिनोन् महिने जिवंत राहते. म्हणून टॉवेल, चादर, अंतर्वस्त्रं वेगळी, गरम पाण्यात (60 अंशांला) धुतलेली, उलटी करून वाळवलेली. जुलैत ऊन कुठून आणायचं? तेव्हा इस्त्री, खास करून शिवणीवर आणि इलॅस्टिकवर. आणि घरात अजून कोण खाजवतंय ते स्पष्ट विचारा. नवऱ्याला जांघेत नायटा आणि बायकोला किडनी बसवलेली, अशा घरात एकट्या बायकोवर उपचार करून काही उपयोग नाही. मांजर असेल आणि तिचे केस गोलाकार गळत असतील तर तिलाही पशुवैद्याकडे न्या.

त्याच बैठकीत आणखी चार प्रश्न विचारून घ्या, कारण रुग्ण हे आपणहून सांगत नाही. गेल्या काही महिन्यांत काटा टोचला का? गच्चीवरच्या कुंडीतला गुलाब, गावी शेतात अनवाणी चालणं, सोसायटीच्या ओल्या कचऱ्याच्या खताचा ढीग उपसणं, बाल्कनीतली कबुतरांची घाण खरवडणं, यांपैकी काही? मातीतल्या काळ्या रंगाच्या बुरशीचं (ही म्युकर नव्हे) बीज काट्याबरोबर आत जातं आणि गाठ आठवड्यांनी, कधी महिन्यांनी वर येते. तोवर काटा विसरलेला असतो. बागकाम हवंच असेल तर हातमोजे, पूर्ण बाह्या, बंद बूट. कबुतरांची घाण आणि खत मात्र घरातल्या दुसऱ्या कुणी तरी काढायचं, तेही आधी पाणी शिंपडून, धूळ न उडवता.

चौथी: साखर

ही छोटी पण चुकवू नये अशी. टॅक्रोलिमस आणि स्टेरॉइड दोन्ही साखर वाढवतात. प्रत्यारोपणाआधी मधुमेह नसलेल्यालाही नंतर होऊ शकतो. वळीत कँडिडा पुन्हा पुन्हा होत असेल तर उपाशीपोटी आणि जेवणानंतरची साखर, शिवाय एचबीएवनसी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर). साखर चढलेली असताना कुठलंही मलम पुरं पडत नाही.

पाचवी: खरवड

इथून पुढे त्वचारोगतज्ज्ञ लागतात. चट्ट्याच्या पुढे सरकणाऱ्या कडेवरून बोथट पात्यानं खवले खरवडतात, काचेवर 10 ते 20 टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकतात, कातडी विरघळली की सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे फांद्यांसारखे धागे दिसतात. दुखत नाही, स्वस्त असते, उत्तर त्याच दिवशी. ससूनच्या त्वचारोग विभागापासून मोठ्या खाजगी रुग्णालयांपर्यंत ही होते.

ही तपासणी चुकते ती आपल्याच हातानं. सकाळी मलम चोपडून गेलात तर धागे सापडत नाहीत. डॉक्टरांना विचारून साधारण आठवडाभर आधी मलम बंद ठेवा. आणि ‘निगेटिव्ह’ आलं म्हणून बुरशी नाहीच असं समजू नका. चट्टा तसाच असेल तर दुसऱ्या कडेवरून परत खरवड.

सहावी: पोटातली गोळी आणि टॅको लेव्हल

चट्टे मोठे असतील, नखात किंवा डोक्याच्या कातडीत बुरशी असेल, केसांच्या मुळाशी गाठी झाल्या असतील, तर गोळी लागते. सगळ्यात जास्त नुकसान याच पायरीवर होतं, तेही घाईमुळे.

फ्लुकोनॅझोल, इट्राकोनॅझोल, व्होरिकोनॅझोल, पोसाकोनॅझोल ही सगळी एकाच, अझोल घराण्यातली. यकृतात आणि आतड्यात जे एन्झाइम टॅक्रोलिमस, सायक्लोस्पोरिन, सिरोलिमस आणि एव्हरोलिमस यांना मोडतं, त्यालाच ही रोखतात. परिणाम: रोजचीच गोळी, रोजचाच डोस, पण रक्तातली लेव्हल दुप्पट-तिप्पट. हात थरथरणं, डोकेदुखी, जुलाब, बीपी चढणं, साखर वाढणं, आणि क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) वर जाणं. नायट्यासाठी घेतलेल्या गोळीनं किडनीला इजा. व्होरिकोनॅझोल सुरू करताना टॅक्रोलिमसचा डोस एक तृतीयांशावर आणण्याची शिफारस आहे, यावरून या परिणामाचा जोर कळेल. सिरोलिमस चालू असेल तर व्होरिकोनॅझोल आणि पोसाकोनॅझोल वर्ज्य मानतात.

मेडिकलवाल्याला यातलं काही ठाऊक नसतं, कारण तुमची फाइल त्याच्याकडे नाही. ‘आठवड्याला एक फ्लुकोनॅझोल घ्या, सगळे घेतात’ हा सल्ला त्या सगळ्यांसाठी ठीक असेलही. तुमच्यासाठी नाही. त्वचेच्या डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा: प्रत्यारोपण झालंय, ही औषधं चालू आहेत. आणि गोळी लिहिली की तोंडात टाकण्याआधी प्रत्यारोपणाच्या टीमला कळवा. ते बहुधा टॅक्रोलिमसचा डोस आधीच कमी करतील आणि पहिल्या आठवड्यातच लेव्हल मागतील. लेव्हलचं रक्त सकाळचा डोस घेण्यापूर्वी द्यायचं, म्हणजे रात्रीच्या डोसानंतर बारा तासांनी. गोळी घेऊन लॅबमध्ये गेलात तर आकडा खोटा चढलेला दिसतो आणि डोस नको तेवढा कमी होतो.

टर्बिनाफिन त्या एन्झाइमला फारसं हात लावत नाही, म्हणून ते सोयीचं वाटतं. पण क्रिएटिनिन क्लिअरन्स (किडनी किती गाळते त्याचं माप) 50 च्या खाली असेल तर ते टाळतात, आणि यकृताच्या चाचण्या आधी कराव्या लागतात. शिवाय आपल्याकडे आता एक नवी अडचण आहे. ट्रायकोफायटॉन इंडोटिनी या नावानं 2020 मध्ये वेगळी ओळख मिळालेली नायट्याची बुरशी भारतात पसरली आहे, आणि तिच्या बऱ्याच जातींवर टर्बिनाफिन चालतच नाही. गोळी नीट घेऊनही तीन-चार आठवड्यांत फरक नसेल तर डोस चुकला असं समजून मुदत वाढवत बसू नका. सातव्या पायरीवर या. ग्रायसिओफुल्विन जुनं, स्वस्त, पण ते सायक्लोस्पोरिनची लेव्हल उलट खाली आणू शकतं.

इट्राकोनॅझोल लागू न पडण्याचं एक साधं कारण पुष्कळदा नजरेतून सुटतं. कॅप्सूल विरघळायला पोटात आम्ल लागतं, आणि प्रत्यारोपण झालेले बरेच जण रोज सकाळी पँटोप्रॅझोल घेतात. मग बुरशीवर असर नाही, पण पैसे गेले. कॅप्सूल जेवणानंतर लगेच घ्यायची. अॅसिडिटीच्या गोळीचं काय करायचं, की द्रवरूप औषध बदलून घ्यायचं, हे डॉक्टरांना विचारायचं. हृदय कमजोर असेल तर इट्राकोनॅझोल नकोच.

जाता जाता: गणपतीच्या सुमाराला बाजारात पपनस येतं. तेही याच एन्झाइमला अडवतं. ते आणि ग्रेपफ्रूट, दोन्ही बंद.

सातवी: कल्चर

खरवडीतले खवले किंवा नखाचे तुकडे प्लेटवर वाढवून बुरशी नेमकी कोणती ते बघतात. नायट्याच्या बुरशीला चार आठवडेही लागतात, तेव्हा पाचव्या दिवशी ‘रिपोर्ट का नाही’ म्हणून दुसऱ्या लॅबकडे धावू नका. कोणतं औषध चालेल याची संवेदनशीलता तपासणी सगळीकडे होत नाही. नमुना देण्याआधीच विचारून घ्या.

आठवी: बायोप्सी, आणि तिचे दोन तुकडे

गाठ, व्रण, न भरणारी जखम किंवा पायावर केसांच्या मुळाशी उठलेल्या घट्ट गाठी, यांचं निदान बघून होत नाही. क्षयरोगाचे भाईबंद जंतू, नोकार्डिया हा जंतू, त्वचेचा कर्करोग, लिम्फोमा (लसीका ग्रंथींचा कर्करोग), सगळं एकसारखं दिसू शकतं. म्हणून ‘गळू आहे, चिरा देऊ’ असं कुणी म्हटलं तर तिथेच थांबवा आणि विचारा: तुकडा तपासायला पाठवणार का?

तुकडा चरबीपर्यंत खोल हवा, आणि दोन बाटल्यांत जायला हवा. एक फॉर्मॅलिनमध्ये, पॅथॉलॉजीसाठी. दुसरा निर्जंतुक सलाइनमध्ये, बुरशी, क्षयरोग आणि साध्या जंतूंच्या कल्चरसाठी. फॉर्मॅलिनमध्ये सगळं मरतं, मग कल्चरमध्ये काही उगवत नाही. पुष्कळदा दोन्ही तुकडे एकाच बाटलीत जातात आणि महिन्यानं ‘वाढ नाही’ असा रिपोर्ट हातात येतो. नातेवाइकांनी बाटल्या लॅबपर्यंत स्वतः नेताना लेबल वाचायचं. फॉर्मवर ‘प्रत्यारोपण रुग्ण’ आणि ‘म्युकरची शंका’ असल्यास तेही लिहून घ्यायचं, कारण म्युकरचे धागे नाजूक असतात. तुकडा कुटून वाटला तर ते मरतात, बारीक कापूनच लावावा लागतो.

निदान झाल्यावरचे उपचार घरी ठरवायचे नाहीत. एकटी गाठ काही वेळा पूर्ण कापून काढतात, सोबत महिनोन् महिने गोळ्या. अँफोटेरिसिन हे बुरशीवरचं इंजेक्शन किडनीला झोंबतं, म्हणून त्याचा लायपोसोमल (चरबीच्या कणांत गुंडाळलेला) प्रकार निवडतात आणि क्रिएटिनिन, पोटॅशियमवर लक्ष ठेवतात. व्होरिकोनॅझोल लांबलं तर कातडी उन्हानं भाजते आणि त्वचेच्या कर्करोगाचा धोका वाढतो, तेव्हा पूर्ण बाह्या, टोपी आणि सनस्क्रीन.

बुरशीची गोळी बंद होते तेव्हा

हे फाइलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. अझोल घराण्यातली गोळी थांबली की एन्झाइम पुन्हा कामाला लागतं आणि टॅक्रोलिमसची लेव्हल घसरते. डोस कमीच राहिला तर रिजेक्शन, म्हणजे शरीर बसवलेला अवयव नाकारतं. फ्लुकोनॅझोलनंतर ही घसरण काही दिवसांत, इट्राकोनॅझोलनंतर एक-दोन आठवडे रेंगाळून. बुरशीची गोळी बंद करण्याची तारीख ठरली की त्याच वेळी टीमकडून टॅक्रोलिमसचा नवा डोस आणि लेव्हलच्या रक्ताची तारीख लिहून घ्यायची, आणि चट्टा गेला तरी ती तपासणी चुकवायची नाही.